स्वतःलाच कातरणाऱ्या पेशीची गोष्ट

बसा निवांत. आजची गोष्ट लांबच्या पल्ल्याची आहे. ती आपल्या हाडांच्या पोकळीत सुरू होते, मक्याच्या कणसाला शिवून येते, युगांडातल्या एका दवाखान्यात तिला वळण लागतं, लंडनच्या धुक्यात थोडा वेळ अडकते आणि शेवटी आपल्या मुंबईतल्या पवईला येऊन टेकते. मध्येच उठायचं मात्र नाही, कारण जे सांगणार आहे ते तुमच्याच अंगात या घडीलाही चालू आहे.

आपल्या अंगातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत डीएनएचा धागा असतो. एका पेशीतला सगळा धागा उलगडून ओढला तर साधारण दोन मीटर भरेल, आणि तो 46 गुणसूत्रांत वाटून अशा जागेत बसवलेला असतो की ती जागा डोळ्यांना दिसायचीसुद्धा नाही. पेशी या धाग्याला फार जपते. उन्हानं, तंबाखूच्या धुरानं, इतकंच काय, नुसत्या जगण्यानंही त्याला रोज हजारो ठिकाणी इजा होते, आणि दुरुस्ती करणारी प्रथिनं रात्रंदिवस ती सांधत बसतात. दुरुस्ती थकली, धागा तुटू लागला, तुकडे इकडचे तिकडे झाले, की त्याला शास्त्रज्ञ जनुकीय अस्थिरता म्हणतात, आणि बहुतेक कर्करोगांच्या मुळाशी ती कुठे ना कुठे सापडतेच. पण पोरांनो, गंमत इथंच आहे. आपल्या अंगात एक पेशी अशी आहे की ती घडतानाच हातात कात्री घेते आणि इतका जपलेला हा धागा स्वतःहून कापते. तिचं नाव बी-पेशी. लिम्फोमा म्हणून जो लसिका ग्रंथींचा कर्करोग आहे, त्यातले दहातले आठ-नऊ याच पेशीपासून निघतात, आणि तिनं स्वतःला कातरायचं काय कारण हे कळलं की तो रोगही निम्मा कळतो.

तर कारण ऐका. जगात जंतू किती, याची गणती नाही. काही जुने, काही काल जन्मलेले, काही अजून जन्मायचेच आहेत. त्यातल्या ज्याची गाठ पडेल त्याला नेमकं धरणारं प्रतिपिंड नावाचं प्रथिन आपल्या अंगाला बनवता आलं पाहिजे. ही बी-पेशी तेच बनवते, आणि एक बी-पेशी एकाच तऱ्हेचं प्रतिपिंड बनवते. म्हणजे कोट्यवधी तऱ्हा हव्यात. आणि माणसाकडे प्रथिनं सांगणारी जनुकं आहेत सगळी मिळून वीस हजारांच्या आसपास. त्यातूनच डोळे, नखं, रक्त, मेंदू, सगळं भागवायचं. मग कोट्यवधी प्रतिपिंडं आणायची कुठून? हे कोडं मोठमोठ्या माणसांना वर्षानुवर्षं सुटत नव्हतं.

ते सोडवलं सुसुमू टोनेगावा या जपानी माणसानं. हा अमेरिकेत संशोधन करत होता, तिथला व्हिसा संपत आला, तेव्हा त्याच्या वडीलधाऱ्या शास्त्रज्ञानं त्याला स्वित्झर्लंडमधल्या बाझेल गावच्या नव्या संस्थेचा रस्ता दाखवला. रोगप्रतिकाराचा त्याचा अभ्यास तसा नव्हता, आणि तेच बरं झालं असावं, कारण तज्ज्ञांना जे विचारायला संकोच वाटत होता ते यानं सरळ विचारलं. उंदराच्या गर्भातला डीएनए घेतला, प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशीतला डीएनए घेतला, आणि दोन्ही ताडून पाहिले. 1976 मध्ये त्यानं दाखवून दिलं की गर्भात प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे एकमेकांपासून दूरदूर पडलेले असतात आणि बी-पेशीत ते जवळ येऊन जोडलेले असतात. म्हणजे आईबापांकडून मिळालेला धागा या पेशीनं कापून, मधला भाग काढून टाकून, पुन्हा शिवला होता. जन्मभर धागा बदलत नाही असं मानणाऱ्या जगाला हा मोठा धक्का होता. 1987 चं नोबेल त्याला एकट्याला मिळालं.

आता हे कसं चालतं ते आमच्या आजीच्या गोधडीवरून सांगतो. आजीकडे जुनी लुगडी चार-पाचच असायची, पण त्यांचे तुकडे ती असे वेगवेगळे जुळवायची की घरातल्या दोन गोधड्या कधी सारख्या झाल्या नाहीत. बी-पेशीचं तेच. प्रतिपिंडाला जड आणि हलकी अशा दोन तऱ्हेच्या साखळ्या असतात. त्यातल्या जड साखळीच्या जनुकाचे तुकडे आपल्या चौदाव्या गुणसूत्रावर असतात. व्ही जातीचे चाळीसच्या आसपास, डी जातीचे वीस-पंचवीस, जे जातीचे सहा. प्रत्येक बी-पेशी यातून एकेक तुकडा निवडते, बाकीचं कापून टाकते आणि निवडलेले तीन शिवून घेते. हलक्या साखळीचे तुकडे दुसऱ्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांवर आहेत, तिथंही हाच उद्योग. शिवताना कडेला एखाददुसरा धागा कमी-जास्त होतो, त्यानं आणखी विविधता येते. असं करत करत मूठभर चिंध्यांतून अब्जावधी तऱ्हांची प्रतिपिंडं तयार होतात, आणि जो जंतू अजून पृथ्वीवर आलाच नाही त्यालाही धरू शकेल अशी एखादी पेशी तुमच्या हाडांच्या मगजात आज तयार होऊन बसलेली असते.

ही कात्री आली कुठून, तेही ऐकण्यासारखं आहे. तिला रॅग म्हणतात. तिची पाळंमुळं शोधत जायचं तर आधी मक्याच्या शेतात जावं लागतं. ज्याच्या दाण्यांवर जांभळे, लाल, पांढरे शिंतोडे असतात असं रंगीबेरंगी कणीस तुम्ही कधी पाहिलं असेल. अमेरिकेत बार्बरा मॅक्लिंटॉक नावाची बाई त्या शिंतोड्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागली होती, आणि 1940 च्या दशकात तिच्या ध्यानात आलं की डीएनएचे काही तुकडे एका जागी राहतच नाहीत, स्वतःला कापून घेतात आणि उडी मारून दुसरीकडे जाऊन बसतात, आणि जिथं बसतात तिथला रंग बिघडवतात. कितीतरी वर्षं लोकांनी तिचं म्हणणं मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं ते 1983 मध्ये, तेव्हा तिनं ऐंशी ओलांडली होती. तर असाच एक उडाणटप्पू तुकडा सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी जबडा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजात स्थिरावला, आणि त्याची स्वतःला कापून काढायची कला त्या प्राण्यानं आपल्या कामाला जुंपली. म्हणून शार्क माशात ही कात्री आहे, कोंबडीत आहे, बैलात आहे, तुमच्या-माझ्यात आहे. एकेकाळचा भटका असा घरचा झाला आणि आपण तापातून उठू लागलो.

पण कातरकाम इथंच संपत नाही. पायात बाभळीचा काटा मोडला की जांघेत गाठ येते, आणि घरातलं जाणतं माणूस हात लावून सांगतं, "अवधाण आलंय, काटा निघाला की बसेल." त्या अवधाणाच्या आत काय चाललेलं असतं ते पाहायला मिळालं तर थक्क व्हाल. जखमेतल्या जंतूशी थोडीफार जुळणारी बी-पेशी तिथं पोचलेली असते आणि झपाट्यानं वाढत असते, काही तासांत एकीच्या दोन होतात. आणि वाढता वाढता ती आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम बदल करत जाते, इतर जनुकांत सहज होतात त्याच्या सुमारे दहा लाख पट वेगानं. ज्या पेशीचं प्रतिपिंड जंतूला अधिक घट्ट धरतं ती जगते, बाकीच्या तिथंच मरतात, आणि मोठ्या भक्षक पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात. पुढे प्रतिपिंडाची जात बदलायला धागा पुन्हा दोन ठिकाणी तोडून जोडावा लागतो. हे सगळं करणारं एआयडी नावाचं विकर जपानात, क्योटोला तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत 1999 मध्ये सापडलं. म्हणजे निसर्गानं शेकडो कोटी वर्षं ज्याची दुरुस्ती केली त्या धाग्याला इथं खुशाल सुरी लावायची मुभा आहे. त्या बदल्यात काटा निघाल्यावर जखम भरून येते, आणि एकदा झालेली गोवर पुन्हा सहसा होत नाही.

आता जिथं कात्री रोज चालते, तिथं ती कधी ना कधी घसरणार. आजी जमिनीवर घोंगडं अंथरून त्यावर गोधडी शिवायची, आणि एकदा दिवेलागणीला असं झालं की टाका खालच्या घोंगड्यातही गेला. सकाळी गोधडी उचलली तर घोंगडंही तिच्याबरोबर उचलून आलं. नेमकं हेच पेशीत झालं तर काय होतं, ते कळायला आपल्याला आफ्रिकेत जावं लागेल.

डेनिस बर्किट हा आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावचा माणूस. अकरा वर्षांचा असताना अपघातात एक डोळा गेला, तरी पुढे तो शल्यविशारद झाला आणि युगांडात नोकरीला गेला. 1957 मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात त्याला पाच वर्षांचा एक मुलगा दाखवला. त्याचा जबडा वर-खाली, डावी-उजवीकडे, चारही कोपऱ्यांत सुजलेला. असं कधी पाहिलं नव्हतं. काही आठवड्यांनी जिंजाच्या दवाखान्यात तसाच चेहरा असलेलं दुसरं मूल दिसलं, आणि पोट चाचपलं तर आतही गाठी. एक डोळा असलेल्या या माणसाला मग जिकडेतिकडे तेच दिसू लागलं. 1961 मध्ये दोन डॉक्टर मित्रांना घेऊन, एका जुन्या फोर्ड मोटारीतून, त्यानं दहा आठवड्यांत सुमारे सोळा हजार किलोमीटर पालथे घातले. दवाखान्या-दवाखान्यांत फोटो दाखवून एकच विचारायचं, असं मूल इथं येतं का? नकाशावर खुणा केल्यावर दिसलं की आजाराचा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंनी पट्टा आहे. उष्ण आणि पावसाच्या सखल मुलखात तो आहे, उंच थंड डोंगराळ भागात नाही. जिथं बारमाही हिवताप, तिथंच हा आजार. तो बी-पेशींचाच लिम्फोमा होता, आणि त्याला पुढे बर्किट लिम्फोमा हे नाव पडलं.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किटनं व्याख्यान दिलं, आणि अँथनी एपस्टाइन नावाचा तरुण संशोधक मागे बसून ऐकताना जागच्या जागी खिळला. हवामानाशी नातं सांगणारा कर्करोग, म्हणजे यात एखादा विषाणू असणार, असं त्याच्या मनानं घेतलं. कंपालाहून विमानानं गाठींचे तुकडे लंडनला येऊ लागले. दोन वर्षं काही हाती लागेना. मग 1963 च्या डिसेंबरात धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळलं, नमुना संध्याकाळपर्यंत रखडला, आणि हातात आला तेव्हा त्यातलं पाणी गढूळ झालेलं. नासला म्हणून दुसऱ्या कुणी तो फेकला असता. एपस्टाइननं एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तो गढूळपणा गाठीतून सुटून तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा होता. त्या पेशी वाढवल्या, आणि 1964 मध्ये त्याला, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात एक नवा विषाणू दिसला. माणसातल्या कर्करोगाशी जोडला गेलेला तो पहिला विषाणू. पण पुढे कळलं की हा एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या दहातल्या नऊ मोठ्या माणसांच्या अंगात मुकाट राहतो आणि काही करत नाही. मग आफ्रिकेतल्या लेकरांनीच काय घोडं मारलं होतं?

उत्तर धाग्यात होतं. 1972 मध्ये स्वीडनच्या लुंड गावात मानोलोव आणि मानोलोव्हा या बल्गेरियन जोडप्याला या गाठींच्या पेशींत चौदाव्या गुणसूत्राला कुठला तरी जादा तुकडा लागलेला दिसला. तुकडा कुणाचा, ते 1976 मध्ये स्टॉकहोमच्या लोरे झेख यांनी ओळखलं. त्यांनी गुणसूत्रांवर पट्टे उमटवायला जो चमकणारा रंग वापरला तो क्विनॅक्रिन या हिवतापाच्या जुन्या औषधापासून बनवलेला होता. हिवतापाच्या मुलखातल्या रोगाचं गुपित हिवतापाच्या औषधाच्या भावंडानं फोडावं, हा योग मला फार आवडतो. तुकडा होता आठव्या गुणसूत्राचा. 1982 मध्ये त्या तुकड्यावर मिक नावाचं जनुक असल्याचं कळलं आणि सगळं लख्ख झालं. मिकचं काम पेशीला "वाढ" म्हणून सांगायचं, आणि वेळ झाली की गप्प बसायचं. पण आता घोंगड्यासकट टाका पडला होता. आठव्यावरचं मिक चौदाव्यावरच्या प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी शिवलं गेलं होतं. बी-पेशीत प्रतिपिंडाचं जनुक कधी थांबत नाही, म्हणून मिकही थांबेना. म्हणूनच ही गाठ माणसाच्या सगळ्या गाठींत सर्वात वेगानं वाढते, एक-दोन दिवसांत दुप्पट. या लिम्फोमातल्या दहातल्या सुमारे आठ रुग्णांत आठ आणि चौदा यांचा सांधा असतो, आणि उरलेल्यांत आठचा सांधा दोनशी किंवा बाविसाशी. आठवतं ना, हलक्या साखळीचे तुकडे कुठं होते ते? बी-पेशीची कात्री जिथं जिथं चालते, नेमका तिथं तिथं चुकलेला टाका. याहून सरळ साक्ष कोणती हवी?

हिवतापाचं कोडंही उलगडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये उंदरांवर दाखवलं की हिवतापाच्या दीर्घ संसर्गात बी-पेशी त्या कातरकामात आठवडेच्या आठवडे गुंतून राहतात, एआयडीची सुरी सारखी चालत राहते आणि धागा भलत्या ठिकाणी तुटायचे प्रसंग वाढतात. विषाणू बिघडलेल्या पेशीला मरू देत नाही, हिवताप सुरी थांबू देत नाही, आणि या दोघांच्या मध्ये लेकरू सापडतं.

पण एवढ्यानं घाबरू नका. एक टाका चुकला की कर्करोग झाला, असं नसतं. फॉलिक्युलर लिम्फोमा या दुसऱ्या जातीच्या लिम्फोमात चौदा आणि अठरा गुणसूत्रांचा सांधा झालेला असतो, त्यामुळे बीसीएल-2 नावाचं जनुक पेशीला मरू देत नाही. तोच सांधा असलेल्या थोड्या पेशी कितीतरी धडधाकट माणसांच्या रक्तात सापडतात, आणि त्यातल्या बहुतेकांना लिम्फोमा कधीच होत नाही. एकावर एक बिघाड साठत जावे लागतात. दुरुस्ती करणारी प्रथिनं शाबूत असतील तर ती बऱ्याच पेशींना वाचवतात, आणि न सुधारणाऱ्या पेशीला मरायला लावतात. हे किती मोलाचं आहे ते एटीएम नावाचं जनुक जन्मतः बिघडलेल्या मुलांकडे पाहून कळतं. तुटलेला धागा ओळखणारंच कुणी नसल्यानं त्यांच्यात लिम्फोमा आणि ल्युकेमिया म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण फार असतं.

आणि सुखाची गोष्ट ही की ज्या वेगानं ही गाठ वाढते तो वेगच तिच्या मुळावर येतो, कारण सतत दुभंगणाऱ्या पेशीवर औषध लवकर लागू पडतं. खुद्द बर्किटनं युगांडात पाहिलं की सायक्लोफॉस्फमाइड या औषधाच्या एखाद-दोन डोसांत मुलांचे सुजलेले जबडे दिवसादिवसांत ओसरत आहेत. आज जिथं पूर्ण उपचार वेळेवर मिळतात तिथं बर्किट लिम्फोमाची दहातली नऊ मुलं बरी होतात. आणि आता पवई. तिथल्या आयआयटीनं आणि टाटा मेमोरियल सेंटरनं मिळून नेक्सकार19 हा उपचार घडवला, आणि त्याला 2023 मध्ये देशात परवानगी मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या पेशी, बाहेर काढतात, त्यांच्या धाग्यात एक नवं जनुक शिवतात आणि पुन्हा अंगात सोडतात. मग त्या बी-पेशींवरची सीडी-19 ही खूण ओळखून बिघडलेल्या पेशी शोधून मारतात. इतर औषधांना न जुमानणाऱ्या बी-पेशींच्या लिम्फोमासाठी तो आहे. ज्या कातरण्या-शिवण्यातून रोग निघाला तीच विद्या माणसानं शिकून रोगावर उलटवली.

म्हणून माझं एवढंच सांगणं. ज्याच्या घरी हा आजार आला त्याला दोष देऊ नका. तो मागच्या जन्मीच्या पापाचा नाही, शिवल्यानं लागत नाही, आणि बहुतेक वेळा आईबापांकडूनही येत नाही. मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ आली, दुखत नाही म्हणून सोडून दिली, आणि दोन-तीन आठवडे झाले तरी ती बसेना, शिवाय संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, उतरत चाललेलं वजन असं काही असेल, तर लेप लावत बसू नका. आपल्याकडे अशी गाठ पुष्कळदा क्षयाची असते, म्हणून कधी न तपासताच क्षयाची औषधं सुरू होतात आणि महिने जातात. तेव्हा डॉक्टरांना स्वतः विचारा, गाठीचा तुकडा काढून तपासायचा का? तुकडा काढल्यानं रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. तपासणीला उशीर झाला तर मात्र खरंच नुकसान होतं.